स्काऊट-गाईडच्या पथकप्रमुखांना मिळणारे सन्मान : कोल्हापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुलांच्या खांद्यावर बॅज चढतात, राज्य पुरस्काराचे फोटो शाळेच्या फलकावर लागतात. त्या मुलांमागे उभ्या असलेल्या सर-मॅडमना काय मिळतं, कसं मिळतं आणि त्यासाठी धावाधाव करावी का, हे प्रश्न करवीरपासून चंदगडपर्यंत सगळीकडे सारखेच निघतात. काही जण उघड विचारतात, काही चहाच्या टपरीवर हळूच. दोन्हींची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

पथक चालवणाऱ्या माणसासाठी नेमके कोणकोणते सन्मान आहेत?

त्यांचे तीन गट पाडले की डोक्यातला गोंधळ कमी होतो.

पहिला गट प्रशिक्षणाचा. बेसिक कोर्स, ॲडव्हान्स कोर्स आणि त्यापुढे हिमालय वुड बॅज, म्हणजे आपण ज्याला सरसकट 'एचडब्ल्यूबी' म्हणतो तो. हे तुम्ही स्वतः मागायचं, स्वतः कष्टाने मिळवायचं.

दुसरा गट सेवेच्या सन्मानांचा. भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संघटनेत दीर्घ सेवेचं पदक आहे, मेडल ऑफ मेरिट आहे, त्याच मेडलला पुढे जोडला जाणारा बार आहे, सिल्व्हर स्टार आहे आणि सगळ्यांत वर सिल्व्हर एलिफंट. पथक न चालवताही चळवळीला मदत करणाऱ्यांसाठी थँक्स बॅज असतो. शिबिराला वर्षानुवर्षं फुकट मंडप देणारा माणूस किंवा मैदान मोकळं करून देणारी संस्था आठवा, त्यांच्यासाठी तो योग्य आहे. आपल्याकडे अशी माणसं भरपूर आणि त्यांची नावं सुचवणारे फार थोडे.

तिसरा गट शौर्याचा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण पूर येणाऱ्या जिल्ह्यात तो विषय चार ओळींत उरकण्यासारखा नाही.

सेवेच्या पदकासाठी अर्ज कुठे करायचा?

स्वतःसाठी करायचा नाही. शिफारस दुसऱ्याने करायची असते. स्थानिक किंवा जिल्हा संस्था नाव सुचवते, ते राज्य संस्थेकडे जातं आणि राष्ट्रीय पातळीवरचा सन्मान असेल तर तिथून दिल्लीच्या राष्ट्रीय मुख्यालयाकडे. शिफारशीचा नमुना ठरलेला असतो. त्यात सेवेचा तपशील, प्रशिक्षण आणि केलेली कामं भरावी लागतात.

इथेच घोडं अडतं. शिफारस करणाऱ्याला तुमच्याबद्दल 'फार चांगले सर आहेत' यापलीकडे काही माहीत नसतं. चांगुलपणाचा रकाना त्या नमुन्यात नाही. तारखा, ठिकाणं, मुलांची संख्या आणि नोंदणी क्रमांक यांचे रकाने आहेत.

मग माझ्या हातात काय उरलं?

हिमालय वुड बॅज. माझं मत विचाराल तर पथकप्रमुखाने एका गोष्टीमागे लागायचं असेल तर याच. इथे कोणाच्या शिफारशीची वाट बघावी लागत नाही आणि तो मिळवता मिळवता तुमचं पथकच सुधारतं. बाकीचे सन्मान केलेल्या कामाचे, हा काम शिकण्याचा.

एचडब्ल्यूबीपर्यंतचा रस्ता कसा असतो?

बेसिक कोर्स सात दिवसांचा निवासी असतो. तुम्ही कोणता विभाग चालवता त्यावर कोर्स ठरतो. कब म्हणजे लहान मुलगे, त्यांच्या कबमास्तरचा वेगळा, बुलबुल म्हणजे लहान मुली, त्यांच्या फ्लॉक लीडरचा वेगळा, स्काऊटमास्तर आणि गाईड कॅप्टनचे वेगळे, रोव्हर आणि रेंजर म्हणजे मोठी मुलं-मुली, त्यांच्या प्रमुखांचे वेगळे. मोठमोठे मुख्याध्यापक तिथे हाफ पँट घालून संघात, म्हणजे पथकातल्या लहान गटात, राहतात, भांडी घासतात, झेंडा बांधताना गाठ चुकली की पुन्हा बांधतात. पहिले दोन दिवस बऱ्याच जणांचा चेहरा पडलेला असतो. तिसऱ्या दिवशी त्याच माणसाला शेकोटीवर नाचताना आवरावं लागतं.

बेसिकनंतर शाळेत परत येऊन काही काळ प्रत्यक्ष पथक चालवायचं, मग ॲडव्हान्स कोर्स. तोही सात दिवसांचा. त्यानंतर पुन्हा पथकावर काम, लेखी कामं आणि मग एचडब्ल्यूबीचा टप्पा. दोन कोर्समध्ये अंतर ठेवलंय ते उगाच नाही. शिकलेलं मुलांवर करून बघितल्याशिवाय पुढचं शिकण्यात अर्थ नसतो. सुट्टीत एकापाठोपाठ एक कोर्स उरकता येतील का, असं विचारणारे दरवर्षी भेटतात. त्यांना प्रमाणपत्र हवं असतं, पथक नको असतं.

संघटनेचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशात पचमढीला आहे. पिपरिया स्टेशनला उतरायचं आणि पुढे घाट चढायचा. थंडीत जाणार असाल तर कोल्हापूरच्या हवेच्या भरवशावर एकच शाल नेऊ नका.

ते लाकडी मणी काय असतात?

एचडब्ल्यूबी झालेल्याच्या गळ्यात चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन मणी दिसतात. सोबत वेगळा स्कार्फ आणि तो अडकवायचं कडं, म्हणजे वॉगल. ही पद्धत १९१९ च्या सप्टेंबरमध्ये लंडनजवळच्या गिलवेल पार्कात झालेल्या पहिल्या शिबिरापासून चालत आली. स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांच्याकडे झुलू राजा दिनुझुलूच्या माळेतले मणी होते, तेच त्यांनी पहिल्या प्रशिक्षणार्थींना दिले. आज मिळतात त्या अर्थातच प्रतिकृती. तीन मणी दिसले तर तो माणूस असिस्टंट लीडर ट्रेनर, चार दिसले तर लीडर ट्रेनर. म्हणजे चार मण्यांच्या माणसाला 'सर, तुमचा बेसिक झालाय का?' असं विचारायचं नसतं. विचारलं गेलेलं आहे, म्हणून सांगितलं.

शाळा कोर्सला सोडत नाही. काय करू?

तोंडी विचारू नका. कोर्सचं पत्र शिक्षण विभागाकडून किंवा जिल्हा संस्थेकडून आलेलं असतं. प्रशिक्षणाचा काळ कर्तव्यकाल धरावा असा उल्लेख त्यात आहे का, ते बघा. नसेल तर निघण्याआधी तशी नोंद करून घ्या. मुख्याध्यापकांचं कार्यमुक्तीचं पत्र हातात आल्याशिवाय बॅग भरू नका आणि परतल्यावर हजेरी प्रमाणपत्राची प्रत त्याच आठवड्यात कार्यालयात द्या. वर्षभराने तो कागद शोधायला गेलं की सापडत नाही, आणि शिफारशीच्या वेळी नेमका तोच लागतो.

गाईड कॅप्टन मॅडमसाठी हा प्रश्न शाळेपेक्षा घरचा जास्त असतो. सात दिवस घराबाहेर राहायचं, त्यात घरी लहान मूल असलं की कोर्स पुढे ढकलला जातो आणि मग ढकललाच जातो. ज्या शाळांनी दोन शिक्षिका जोडीने पाठवल्या तिथे हे सोपं गेलेलं दिसतं. घरचेही निर्धास्त आणि शाळेत परतल्यावर एकमेकींना धरून काम चालू राहतं.

माझ्या पथकातल्या किती मुलांना राज्य पुरस्कार मिळाला, यावर माझा सन्मान ठरतो का?

त्याचं वजन पडतं, पडायलाही हवं. कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको : पठ्ठ्याने कुस्ती मारली की मैदानात फेटा वस्तादाला बांधतात.

पण मुलांची संख्या रातोरात वाढत नाही. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार अशी चढण आहे. प्रत्येक पायरीला ठरावीक महिने द्यावे लागतात. स्काऊटचं वय दहाव्या वर्षी सुरू होतं, म्हणजे साधारण पाचवीत. पाचवीला पथकात आलेला पोरगा आठवी-नववीपर्यंत आरामात वर पोचतो. आठवीत नाव घातलं आणि दहावीच्या सवलतीच्या गुणांवर डोळा ठेवून पायऱ्या गाळल्या, तर चाचणी शिबिरात त्याला साधी गाठ येत नाही आणि परीक्षक तुमच्याकडे बघतो.

शाळा चौथीपर्यंतचीच असेल तर नाराज व्हायचं कारण नाही. कब-बुलबुलचा गोल्डन ॲरो हासुद्धा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार आहे. लहान मुलांचं पथक चालवणं सोपं, असं समजणाऱ्याने चोवीस कब घेऊन एक शनिवार काढून दाखवावा.

नोंदी ठेवायच्या म्हणजे नेमकं काय लिहायचं?

या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. नव्वद टक्के चांगल्या पथकप्रमुखांची नावं पुढे जात नाहीत, ती कामाअभावी नव्हे, वहीअभावी. (टक्केवारी हिशेबाची नाही, वैतागाची आहे.)

नेहमी आढळणारी नोंद अशी : 'आज गणेश विसर्जनानिमित्त स्वच्छता केली. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त सहभाग घेतला.' यातून परीक्षकाला काहीच कळत नाही. कुठे, किती मुलं, किती वेळ, कोणी काय केलं?

तीच नोंद अशी लिहून बघा : 'अनंत चतुर्दशी. इराणी खण, रंकाळा. चार संघ, २६ स्काऊट. दुपारी ३ ते ७. गरुड आणि वाघ संघ निर्माल्य वेगळं करण्यावर, सिंह संघ रांगेवर, मोर संघ पिण्याच्या पाण्यावर. प्लास्टिकच्या माळा निर्माल्यातून काढायला सगळ्यांत जास्त वेळ गेला, पुढच्या वर्षी कात्र्या न्यायच्या. दोन मुलं पाण्याच्या कडेला गेली, संघनायकाने मागे आणली. सातला सगळ्यांना पालकांच्या ताब्यात दिलं, सह्या सोबत.'

लिहायला सात-आठ मिनिटं लागतात. पण पाच वर्षांनी कोणी शिफारस लिहायला बसलं की त्याला तुमचं पथक डोळ्यांपुढे दिसतं. कात्र्यांचं वाक्य गाळू नका. काम करणाऱ्यालाच असलं सुचतं आणि वाचणाऱ्याला ते बरोबर कळतं.

मानमर्यादा सभेचं, म्हणजे संघनायकांच्या बैठकीचं, इतिवृत्त मुलांनीच लिहावं, तुम्ही फक्त सही करा. त्यातली अशुद्ध भाषा सुधारायच्या भानगडीत पडू नका. शिक्षकाच्या वळणदार अक्षरातली संघनायकाची वही बघितली की शंका येते.

फोटो काढा, पण थोडे. बॅनर धरून उभ्या केलेल्या पन्नास फोटोंपेक्षा चूल पेटवताना डोळे चोळणाऱ्या पोरींचा एक फोटो जास्त बोलतो.

खरी कमाई सेवेत धरतात का?

खरी कमाई हा स्वतंत्र उपक्रम आहे. मुलांनी कष्ट करून पैसे मिळवायचे, हात पसरायचा नाही, हे त्याचं सूत्र. आपल्याकडे शनिवारी शाळेच्या आवारात भडंग, मिसळ, लिंबू सरबताचे स्टॉल लागतात. बहुतेक ठिकाणी मिसळ आईने केलेली असते आणि मुलं फक्त विकतात, हा त्यातला दोष. निदान कांदा तरी मुलांनी चिरावा.

सन्मानाच्या दृष्टीने त्यातून बघितला जातो तो हिशेब. फरसाण, पाव, लिंबं, गॅस यांचा खर्च किती, विक्री किती, शिल्लक किती आणि शिल्लक कुठे गेली. मुलांनी लिहिलेला हिशेबाचा कागद वहीत चिकटवा. पैशाच्या बाबतीत स्वच्छ असलेल्या पथकप्रमुखाला पुढे कधी खुलासे करावे लागत नाहीत.

महापुरात आमच्या मुलांनी लोकांना मदत केली. शौर्य पदकासाठी नाव पाठवता येईल का?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. शौर्याचे सन्मान जिवाला धोका पत्करून दुसऱ्याला वाचवण्यासाठी आहेत. ब्राँझ क्रॉस त्यातला सर्वोच्च, मग सिल्व्हर क्रॉस आणि गिल्ट क्रॉस. इथे नावाला भुलू नका, ब्राँझ हा सिल्व्हरच्या वर आहे. मदतकार्य ही सेवा आहे, तिची दखल सेवेच्या वाटेने घेतली जाते.

आता स्पष्ट बोलतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं, २०२१ ला पुन्हा आलं. अशा पाण्यात गणवेशातलं पोर उतरवणारा पथकप्रमुख सन्मानाच्या नव्हे, चौकशीच्या लायकीचा. पोहता येतं आणि पुराच्या पाण्यात पोहता येतं, यात फार अंतर आहे. चिखली-आंबेवाडीचे लोक ते जास्त चांगलं सांगतील.

मुलांना करण्यासारखं काम काठावर भरपूर असतं. स्थलांतर केंद्रावर आलेल्या कपड्यांच्या ढिगातून लहान मुलांचे, बायकांचे, पुरुषांचे कपडे वेगळे लावणं. बिस्किटांच्या पुड्यांवरची तारीख बघणं. आलेल्या कुटुंबांची यादी करणं, कोणाला रोजची गोळी लागते ते टिपून घेणं. आजोबांचा फोन चार्जिंगला लावून तो परत त्यांच्याच हातात देणं. पाणी ओसरल्यावर शाळेच्या खोल्यांतला चिखल काढणं, तेही हातमोजे आणि बूट घालून. अठरा वर्षांवरचे, प्रशिक्षण घेतलेले रोव्हर असतील तर ते आपत्ती व्यवस्थापनाच्या यंत्रणेच्या सांगण्यानुसार काम करतील, स्वतःच्या मर्जीने नाही.

एखाद्या मुलाने अचानक प्रसंगी, कोणी न सांगता, खरोखर कोणाचा जीव वाचवला असेल तर प्रत्यक्षदर्शींचे जबाब, वेळ, ठिकाण आणि पोलीस किंवा दवाखान्याचे कागद ताबडतोब गोळा करा. अशी शिफारस महिनोन्महिने लांबली की माणसं आणि आठवणी दोन्ही पांगतात.

मी शिक्षक नाही. माझं नाव पुढे जाऊ शकतं का?

जाऊ शकतं. पथक शाळेचंच असलं पाहिजे असा नियम नाही. तालीम, गल्लीतलं मंडळ, सोसायटी यांच्या आधारानेही खुलं पथक नोंदवता येतं. आपल्याकडे चळवळ शाळांच्या जिवावर चालते म्हणून ते दिसत नाही, इतकंच. रोव्हर म्हणून वाढलेली, आता नोकरी करणारी कितीतरी पोरं पेठांतून आहेत. त्यांच्याकडे रविवार मोकळा असतो. मुलग्यांच्या कब पथकाला महिला कबमास्तर चालते, गाईडच्या पथकाची प्रमुख मात्र महिलाच लागते.

माझी बदली झाली. सेवेची वर्षं तुटतात का?

वर्षं शाळेला नाही, तुम्हाला लागू असतात, पण ती कागदावर सलग दिसली पाहिजेत. पथकाची नोंदणी दरवर्षी नूतनीकरण करायची असते आणि तुमचं वॉरंट, म्हणजे पथकप्रमुख म्हणून नेमणुकीचं पत्र, चालू लागतं. आता नोंदणी ऑनलाइन झाल्यापासून प्रत्येकाला बीएसजीचा (भारत स्काऊट्स आणि गाईड्सचा) युआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, मिळतो. तो बदलीनंतर नवा काढू नका, जुनाच पुढे चालवा. गगनबावड्याहून हातकणंगल्याला आलेल्या माणसाचे दोन युआयडी झाले की संगणकाच्या लेखी ती दोन माणसं, आणि दोघांचीही सेवा अपुरी.

नव्या शाळेत पथकच नसेल तर पहिल्याच वर्षी लहानसं का होईना सुरू करा. एका संघापासूनही सुरुवात होते.

राज्य शिक्षक पुरस्कारात स्काऊटचा फायदा होतो?

महाराष्ट्र शासनाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव पुरस्कारांत स्काऊट-गाईडच्या शिक्षकांचा स्वतंत्र प्रवर्ग असतो. तो शासनाचा पुरस्कार, वर लिहिलेली पदकं संघटनेची. दोन्हींचे अर्ज, तारखा, कागद वेगळे. तरी वही तीच कामाला येते.

पगारात काही फरक पडतो का?

पदकाला पगाराची जोड नाही. उलट गणवेश, प्रवास, शिबिरातल्या मुलांसाठी ऐनवेळी घ्यावं लागणारं बिस्किट यात स्वतःच्याच खिशाला चाट बसते. घरी आधी सांगून ठेवलेलं बरं.

पदक रोज लावून शाळेत गेलं तर चालतं?

गणवेशाशिवाय लावू नका. साध्या शर्टावर, लग्नात किंवा मिरवणुकीत तर नाहीच.

बरीच वर्षं काम केलं, नोंदीही आहेत, तरी नाव कोणी सुचवत नाही. स्वतःहून बोलणं बरं दिसतं का?

स्वतःसाठी बोलायला अवघड जातं, हे खरं. यावर चालणारी एक वाट आहे : आधी दुसऱ्याचं नाव सुचवा. शेजारच्या तालुक्यातल्या, निवृत्तीला आलेल्या एखाद्या सरांची माहिती गोळा करून जिल्हा कार्यालयात द्या. प्रक्रिया समजते, नमुना बघायला मिळतो आणि कार्यालयातल्या लोकांना कळतं की अशा शिफारशी येऊ शकतात. मुख्याध्यापकांनाही सांगा की शिफारस करण्याची सोय आहे. बऱ्याच जणांना ती ठाऊकच नसते. त्यांचा नकार नसतो, फक्त माहितीची वानवा असते.

वशिल्याने मिळालेली पदकं नाहीत का? असतील. पण सात दिवसांच्या शिबिरात पावसात तंबू उभारायची वेळ आली की कोणाचं पदक कसलं आहे ते पहिल्याच रात्री सगळ्यांना समजतं.

ब्राँझ वुल्फ काय आहे?

जागतिक स्काऊट संघटनेचा एकमेव सन्मान. १९३५ साली सुरू झाला, पहिला मानकरी खुद्द बेडन-पॉवेल. आपण आधी बेसिकचा फॉर्म भरू.

सुरुवात कुठून करायची?

जूनमध्ये शाळा सुरू झाली की जिल्हा संघटकांची गाठ घ्या. स्काऊट आणि गाईडचे संघटक वेगळे असतात, आपल्या विभागाच्याच व्यक्तीला भेटा. जाताना मुलांची यादी जन्मतारखांसह, मुख्याध्यापकांची सही-शिक्क्याची संमती आणि नोंदणी शुल्क घेऊन जा. यादीतली नावं शाळेच्या जनरल रजिस्टरप्रमाणेच लिहा. हाक मारायचं नाव 'पिंट्या' असलं तरी पुढे प्रमाणपत्रावर येणार आहे ते इथलंच, आणि त्यातली वेलांटी बदलून घ्यायला नंतर फार हेलपाटे पडतात. बेसिक कोर्सच्या तारखा तिथेच विचारून घ्या आणि त्याच दिवशी नाव देऊन या.